ई-मेलनं आलेला पॅच लागत नाही? कोडला हात लावण्याआधी हे बघा

लक्षणं आधी सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते कळेल. थंडरबर्डमध्ये (मेल वाचायचा प्रोग्राम) पॅचचा, म्हणजे कोडमधला बदल लिहिलेला, मेल आला, तुम्ही तो सेव्ह केला, टर्मिनलवर 'गिट एएम' चालवलं (गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्राम, एएम ही त्याची मेलमधला पॅच लावायची आज्ञा) आणि यातलं काहीतरी झालं:

- 'पॅच फॉरमॅट डिटेक्शन फेल्ड'. म्हणजे ही फाइल पॅच आहे हेच गिटला ओळखता आलं नाही.
- 'करप्ट पॅच ॲट लाइन' आणि पुढं एक आकडा.
- 'पॅच डझ नॉट अप्लाय'. हा सगळ्यांच्या ओळखीचा.
- 'पॅच इज एम्प्टी', आणि मेल तर डोळ्यांसमोर भरलेला दिसतोय.
- 'प्रीव्हियस रीबेस डिरेक्टरी' अजून पडून आहे अशी तक्रार.
- कसलीच तक्रार न करता पॅच लागला, पण कोडमध्ये आलं भलतंच. हे सगळ्यांत वाईट.

आज्ञा इथं उच्चाराप्रमाणं लिहितोय, टर्मिनलवर त्या रोमन अक्षरांतच टाका.

आमचं गाव वरुड तालुक्यात, संत्र्याच्या पट्ट्यात. आम्ही पाच-सहा जण मिळून पंपाच्या ऑटो स्टार्टरचा कोड सांभाळतो. शेतीच्या फिडरवर थ्री फेज कधी दिवसा तर कधी रात्री, पाळीपाळीनं येते. ती आली की तिन्ही फेज नीट आहेत का बघून मोटार सुरू करायची आणि एक फेज गेली की लगेच बंद करायची, एवढंच त्या कोडचं काम. कुणी अमरावतीत शिकतो, कुणी वावरात असतो, नेट कुणाकडंच धड नाही. म्हणून पॅच मेलनं. मेल रात्री बारालाही येऊन पडतो आणि सकाळी नेट नसलं तरी वाचता येतो. यात आम्ही काही जगावेगळं करत नाही. लिनक्स कर्नलचं काम अजूनही मेलवरच्या पॅचनं चालतं, गिट २००५ मध्ये त्याच कामासाठी जन्मलं आणि त्यातल्या 'एएम'चा अर्थच मेलबॉक्समधून पॅच लावणं असा आहे.

हा बिघाड मी इतक्या वेळा काढलाय की आता पोरं मेलच्या आधी फोनच करतात. अनुभव असा की कोड बहुतेक वेळा ठीक असतो. पॅच बिघडतो तो पाठवताना किंवा मेलमधून बाहेर काढताना. म्हणून खालचा क्रम सोडू नका. पहिल्या तपासण्यांना मिनिटसुद्धा लागत नाही.

मागचं अर्धवट राहिलं आहे का

'गिट स्टेटस' चालवा. आधीचा एखादा पॅच मध्येच अडकलेला असेल तर ते तिथंच सांगतं. तो अडकलेला असेपर्यंत नवा पॅच कितीही शुद्ध असला तरी गिट त्याला दारात उभं करणार नाही. 'गिट एएम --अबॉर्ट' केलं की सगळं एएम सुरू करण्याआधीच्या जागी जातं. मात्र मध्यंतरी तुम्ही हातानं काही बदल केले असतील तर ते आधी दुसरीकडं कॉपी करून ठेवा. तुमचं स्वतःचं अर्धवट काम 'ॲड' करून (पुढच्या नोंदीसाठी निवडून) तसंच पडलेलं असलं तरीही एएम सुरू होत नाही, 'डर्टी इंडेक्स' म्हणतं. ते कमिट करा (गिटमध्ये पक्कं नोंदवा) नाहीतर स्टॅश करा (तात्पुरतं बाजूला ठेवा).

मेल पूर्ण उतरला आहे का

शहरातल्या माणसाला हे सुचणार नाही. थंडरबर्डमध्ये खात्याच्या सेटिंगमध्ये ठरावीक आकाराहून मोठे मेल उतरवू नका असा पर्याय असतो. पीओपी खातं असेल तर फक्त हेडर, म्हणजे विषय-पाठवणारा वगैरे वरच्या ओळी, आणा असाही असतो. डेटा वाचवायला आपण कधीतरी तो लावतो आणि विसरतो. मग विषय दिसतो, पाठवणारा दिसतो, पण आतला मजकूर सर्व्हरवरच. नेट असताना मेल उघडा, खाली शेवटपर्यंत जा. गिटनं बनवलेल्या पॅचच्या तळाला दोन आडव्या रेघा आणि त्याखाली गिटच्या आवृत्तीचा आकडा असतो. तो दिसला म्हणजे मेल पूर्ण आला.

मेलमधून काढला कसा

मागच्या पावसाळ्यात एका पोराचा फोन आला. "भाऊ, सतरा खेपा करून पायलं, लागतच नाई." विचारलं, मेल सेव्ह कसा केला? "सेव्ह काहून करू? सिलेक्ट केला, कंट्रोल-सी, नोटपॅडमंधी पेस्ट." निम्मे फोन इथंच संपतात.

वाचायच्या चौकटीत जे दिसतं तो मेल नसतो, थंडरबर्डनं तुमच्यासाठी मांडून दाखवलेलं रूप असतं. हसऱ्या चेहऱ्याची खूण दिसली की तिचं चित्र करतं, ओळी स्वतःच्या हिशोबानं जोडतं, काही ठिकाणी ओळीच्या सुरुवातीची रिकामी जागा खातं. तिथून कॉपी करून पेस्ट करेपर्यंत कुठं ना कुठं टॅबच्याही रिकाम्या जागा होतात. पॅचमध्ये ओळीच्या सुरुवातीची एक रिकामी जागासुद्धा अर्थाची असते. 'ही ओळ बदललेली नाही, फक्त जागा ओळखायला दिली आहे' असं ती सांगते.

बरोबर पद्धत अशी: मेल निवडा, कंट्रोल-एस दाबा आणि प्रकार म्हणून ईएमएलच ठेवा. तिथं एचटीएमएल आणि टेक्स्ट असेही पर्याय दिसतात. टेक्स्ट हा शब्द पाहून भुलू नका, तो पुन्हा मांडलेलं रूपच देतो. ईएमएल म्हणजे सर्व्हरवरून आला तसा, हेडरसकट मेल. 'फॉरमॅट डिटेक्शन फेल्ड' बहुतेक वेळा एवढ्यानंच जातं, कारण गिट फाइलच्या सुरुवातीला मेलचे हेडर शोधत असतं.

पॅच जोडपत्र म्हणून आला असेल तर मेल नको, फक्त जोडपत्र सेव्ह करा आणि तेच 'गिट एएम'ला द्या.

कच्चा मेल वाचा

इथवर जमलं नसेल तर मेलवर कंट्रोल-यू दाबा. खरा मेल आता दिसेल. वर 'कंटेंट-टाइप' नावाची ओळ शोधा.

तिथं फक्त 'टेक्स्ट/एचटीएमएल' असेल तर थांबा, पाठवणाऱ्याला साध्या मजकुरात परत पाठवायला सांगा. एचटीएमएल सोलून पॅच काढण्याच्या नादी लागू नका. मी लागलो होतो, अख्खी दुपार गेली.

'क्वोटेड-प्रिंटेबल' दिसलं आणि मजकुरात जागोजागी बरोबरच्या खुणा आणि '३डी', '२०' असली अक्षरं दिसली, तर घाबरू नका. ही मेलची एक लिपी आहे, 'गिट एएम' ती स्वतः उलगडतं. 'बेस६४' असेल तर सगळाच मजकूर गचपण दिसेल, तेही उलगडतं. पण हाच ईएमएल तुम्ही 'गिट अप्लाय'ला किंवा जुन्या 'पॅच' आज्ञेला दिला तर ते फसणार, कारण त्यांना मेलची भाषा कळत नाही. मेल असेल तर एएम, निव्वळ डिफ (बदललेल्या ओळींची यादी) असेल तर अप्लाय.

आणि 'फॉरमॅट=फ्लोड' (लांब ओळी तोडून पाठवायची मेलची पद्धत) दिसलं, तर तुमचा चोर बहुधा सापडला.

तुटलेल्या ओळी

इथं जरा थांबून समजून घ्या, कारण 'करप्ट पॅच'चं मूळ बहुतेक वेळा हेच असतं.

लिहिताना लांब ओळ तोडायची थंडरबर्डची मूळ मर्यादा ७२ अक्षरांची आहे. पत्र लिहिताना ते सोयीचं. कोडला ते कळत नाही. आमच्या स्टार्टरच्या कोडमध्ये एक अट आहे: आर फेज ठीक, वाय फेज ठीक, बी फेज ठीक आणि व्होल्टेज किमान व्होल्टेजपेक्षा कमी नाही. ही सगळी अट एका ओळीत, सुरुवातीला अधिकची खूण. मेलमध्ये ती 'किमान व्होल्टेज'च्या आधीच तुटली. शेपूट खालच्या ओळीवर गेलं आणि त्या शेपटाच्या आधी कसलीच खूण नाही.

डिफच्या तुकड्यात प्रत्येक ओळ रिकाम्या जागेनं, अधिकनं किंवा वजानं सुरू व्हायला हवी. उलटी तिरपी रेघ असलेली ओळ क्वचित येते, ती फाइलच्या शेवटी नवी ओळ नाही एवढंच सांगते. यापैकी काहीच नसलेली ओळ दिसली की गिट हात वर करतं. म्हणून डोळा फक्त डाव्या कडेवरून खाली सरकवा, मजकूर वाचू नका. खूण नसलेलं शेपूट लगेच दिसतं.

खात्री करायची असेल तर मोजा. तुकड्याच्या डोक्यावर दोन-दोन ॲटच्या खुणांमध्ये '-४२,७ +४२,९' असं काहीतरी असतं. अर्थ असा की जुन्या फाइलीत ४२व्या ओळीपासून ७ ओळी, नव्यात ४२व्यापासून ९. रिकाम्या जागेच्या आणि वजाच्या ओळी मिळून ७ भरल्या पाहिजेत, रिकाम्या जागेच्या आणि अधिकच्या मिळून ९. सहा साध्या, एक वजा, तीन अधिक, हिशोब जुळला. जुळला नाही तर ओळ तुटली आहे किंवा गळाली आहे.

एखादीच ओळ तुटली असेल तर ईएमएल फाइल साध्या एडिटरमध्ये उघडून शेपूट वरच्या ओळीला जोडा, चालतं. दोन-तीन ठिकाणी असेल तर परत मागवा. न दिसलेली चौथी जागा नक्की असते.

फ्लोडचा आणखी एक खोडसाळपणा आहे. त्या पद्धतीत रिकाम्या जागेनं सुरू होणाऱ्या ओळीपुढं आणखी एक रिकामी जागा घातली जाते आणि दाखवताना काढली जाते. पॅचमधल्या बहुतेक ओळी तर रिकाम्या जागेनंच सुरू होतात! म्हणजे नेमकं हाडावरच बसतं.

दुरुस्ती पाठवणाऱ्याकडं करायची. थंडरबर्डच्या सेटिंगच्या तळाला कॉन्फिग एडिटर आहे. तिथं 'मेलन्यूज.रॅपलेंग्थ' ७२ वरून ० करायचं, 'मेलन्यूज.सेंड-प्लेनटेक्स्ट-फ्लोड' फॉल्स करायचं आणि खात्याच्या लेखन-सेटिंगमध्ये एचटीएमएलची खूण काढायची. नावांत कुठं टिंब, कुठं अधोरेषा ते एडिटर शोधताना दाखवतंच. याहून बरं म्हणजे पॅच थंडरबर्डमधून पाठवूच नका, 'गिट सेंड-ईमेल' वापरा. पहिल्यांदा बसवायला अर्धा तास जातो, जीमेल असेल तर ॲप पासवर्ड काढावा लागतो, पण ते ओळींना हात लावत नाही. वाचायला थंडरबर्ड, पाठवायला गिट, अशी आम्ही वाटणी केली आहे.

माळ, क्रम आणि टाकून दिलेले मेल

'पॅच इज एम्प्टी' आलं तर बघा, पाच पॅचच्या माळेतला '०/५' क्रमांकाचा मेल तर दिला नाही ना. ती प्रस्तावना असते, तिच्यात कोड नसतो. 'री:' लागलेली उत्तरंही अशीच घुसतात. सगळे मेल एकदम निवडून एका रिकाम्या फोल्डरमध्ये सेव्ह करा, प्रस्तावना आणि उत्तरं काढा, नावांचा क्रम डोळ्यांनी बघा, मग सगळे एकत्र एएमला द्या. तिसरा पॅच दुसऱ्याच्या आधी लागला तर दोष तिसऱ्याचा नाही.

आता ते सगळ्यांत वाईट लक्षण. थंडरबर्ड स्थानिक फोल्डरमधले सगळे मेल साधारणपणे एकाच लांब फाइलीत, एमबॉक्समध्ये ठेवतं. मी हुशारी केली. 'पॅच' नावाचं फोल्डर केलं, मेल त्यात टाकले आणि ती फाइलच थेट गिटला दिली. महिनाभर झकास चाललं. मग एका मुलानं फेज तपासणीच्या पॅचची दुसरी आवृत्ती पाठवली, मी पहिली डिलीट केली, एएम चालवलं, आणि लागली ती पहिली! दुसरी तिच्यावर आपटून पडली. तासभर मला कळेना. शेवटी ती फाइल उघडली तर डिलीट केलेला मेल आत जसाच्या तसा. थंडरबर्ड डिलीट करताना मेलवर फक्त खूण करतं, 'एक्स-मोझिला-स्टेटस' नावाच्या ओळीत. मेल खरोखर जातो तो फोल्डर कॉम्पॅक्ट केल्यावर. ती खूण गिटला काय कळणार, त्यानं होतं ते सगळं लावलं.

फोल्डरवर उजवी टिचकी मारून कॉम्पॅक्ट केलं की हे सुटतं. मी मात्र तेव्हापासून ती फाइल देणंच सोडलं. सुटे ईएमएल बरे, काय लावतोय ते नावानिशी दिसतं.

दिसायला सारखं, तरी लागत नाही

ओळी अक्षरागणिक सारख्या दिसतात आणि तरी 'डझ नॉट अप्लाय', तर ओळीच्या शेवटाचा संशय घ्या. विंडोज ओळीच्या शेवटी दोन अदृश्य अक्षरं ठेवतं, लिनक्स एक. मेलमधलं ते जादा अक्षर गिट एएम स्वतःहून काढून टाकतं. पण तुमच्या रेपॉझिटरीतली (गिटमधल्या कोडच्या साठ्यातली) फाइलच विंडोज पद्धतीची असेल तर उलटं होतं, पॅचमध्ये ते नाही आणि फाइलीत आहे. तेव्हा '--कीप-सीआर' लावून बघा. मेल बेस६४ किंवा क्वोटेड-प्रिंटेबलमध्ये असेल तर ते अक्षर लिपीच्या आत लपून राहतं. त्यासाठी गिट २.३२ पासून '--क्वोटेड-सीआर=स्ट्रिप' असा पर्याय आहे.

'--इग्नोर-व्हाइटस्पेस' सुद्धा आहे. निदानासाठी छान. त्यानं लागला तर दोष जागांचा होता हे कळलं. पण पायथॉनच्या फाइलीवर तसंच लावून मोकळे होऊ नका, तिथं जागा म्हणजेच व्याकरण.

पाया जुना आहे का

मेल शुद्ध, ओळी अखंड, शेवट बरोबर, तरी लागत नाही? मग पॅच ज्या कोडवर बेतला तो कोड तुमच्याकडं नाही. लोड शेडिंगच्या आठवड्यात कुणी चार दिवस फेच केलेलं, म्हणजे इतरांचा नवा कोड उतरवून घेतलेला, नसतो. फेच करा. पॅचच्या तळाला 'बेस-कमिट' अशी ओळ असेल तर त्याच कमिटवर नवी शाखा काढून तिथं लावा. ती ओळ आपोआप येत नाही, बनवताना '--बेस' द्यावं लागतं. आम्ही आता सगळ्यांना सक्तीनं द्यायला लावतो.

मग 'गिट एएम -३'. हे तिहेरी जुळणी करतं. पॅचमधल्या 'इंडेक्स' ओळीवरून मूळ फाइल कोणती होती ते शोधतं आणि तुमच्यात व पाठवणाऱ्यात नेमका फरक कुठं पडला ते दाखवतं. ती मूळ फाइल तुमच्याकडं नसेल तर 'लॅकिंग ऑर यूसलेस' असं काहीसं म्हणतं. ते म्हणजेही फेच करा, एवढंच.

तरी संघर्ष आला, म्हणजे एकाच जागी दोघांचे वेगळे बदल भिडले, तर अडलेला पॅच 'गिट एएम --शो-करंट-पॅच=डिफ'नं बघा, फाइलीत जुळवा, 'ॲड' करा, 'गिट एएम --कंटिन्यू'. हे सगळ्यांत अवघड, म्हणून शेवटी.

कुठं थांबायचं

संघर्ष ज्या कोडमध्ये आहे तो तुम्हाला नीट समजत नसेल, तर जुळवू नका. '--अबॉर्ट' करा आणि ज्यानं पॅच लिहिला त्यालाच ताज्या कोडवर बेतून परत पाठवायला सांगा. आमच्याकडं हा नियम फेज तपासणीच्या आणि मोटार बंद करायच्या फाइलींना विनाअपवाद लागू आहे. तिथं एक अट उलटी बसली तर मोटार दोन फेजवर चालून जळते, आणि रिवाइंडिंगचा खर्च पॅच लावणारा देत नाही, शेतकरी देतो. बदललेला कोड आधी टेबलावर दिवे जोडून तपासतो. शेतातल्या स्टार्टरच्या पेटीत तो घालायचं काम वायरमनचं, आपलं नाही.

एकाच ठिकाणाहून येणारा प्रत्येक मेल बिघडलेला असेल, पाठवणाऱ्याची सेटिंग तपासून झाली असेल आणि त्यानं स्वतःला दुसऱ्या खात्यावरून पाठवलेला मेल शुद्ध येत असेल, तर मधला मेल सर्व्हर मजकूर बदलतोय. एका कॉलेजच्या सर्व्हरचा आम्हाला असाच अनुभव आला, प्रत्येक मेलचं एचटीएमएल करून खाली सूचना चिकटवायचा. हे तुमच्या-माझ्या हातात नाही. तिथल्या मेल सांभाळणाऱ्याला सांगायचं, तोवर पॅच झिप करून जोडायचा.

थंडरबर्डचे फोल्डर रिकामे दिसायला लागले, मेल उघडताना अडकायला लागला आणि डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर आणखी काहीही चालवू नका, कॉम्पॅक्ट तर मुळीच नको. मशीन बंद करून डेटा काढून देणाऱ्याकडं न्या.

मदत मागताना तीन गोष्टी द्या: चूक सांगणारा संदेश टर्मिनलमधून कॉपी केलेला, 'गिट लॉग -१'ची ओळ आणि ती ईएमएल फाइल झिप करून. स्क्रीनचा मोबाइलनं काढलेला फोटो नको, फोटोत टॅब दिसत नाही.